आईला गाडी लागते

गाडी बघायला जाणारी माणसं सगळ्यात आधी काय करतात, हे त्या उन्हाळ्यात मी बारकाईनं पाहिलं. कुणी टायरला हळूच लाथ मारतं. कुणी दार धाडकन लावून त्याचा आवाज ऐकतं. कुणी बॉनेटमध्ये डोकं घालून सगळं कळल्यासारखी मान हलवतं. मी मात्र मागचं दार उघडायचे, आत वाकायचे आणि डोळे मिटून लांब श्वास घ्यायचे. विकणाऱ्यांना वाटायचं, बाई देवाचं नाव घेतेय.

मी वास घेत होते, कारण आमच्या आईला गाडी लागते.

लागते म्हणजे अशी तशी नाही. डिलाईल रोडवरच्या आमच्या घरून दादरला टॅक्सीनं जायचं तरी तिची तयारी सकाळपासून चालते. एका पिशवीत लिंबू, आलेपाक, आवळासुपारी, दोन-चार प्लास्टिकच्या पिशव्या आणि कालचा पेपर. पेपर वाचायला नाही, बसायला. सीटवर पेपर पसरून त्यावर बसलं की गाडी लागत नाही, असं तिला कुणीतरी लहानपणी सांगितलं होतं. पेपरचा आणि पोटाचा काय संबंध, हे मी तिला अनेकदा विचारलंय. ती म्हणते, "असतो." एवढं झालं की पदर नाकावर, डोळे घट्ट मिटलेले, आणि पोचेपर्यंत कुणी तिच्याशी बोलायचं नाही. उतरताना ती बहुतेक वेळा हिरवीपिवळी झालेली असते आणि पेपर तसाच कोरा करकरीत.

बाबांना आयुष्यात कधी गाडी लागलेली नाही. एका मोठ्या ऑफिसात ते हेडक्लार्क होते आणि त्यांचा स्वभाव अजून निवृत्त झालेला नाही. टॅक्सी असो, जीप असो, की मी पूर्वी चालवायचे ती छोटी गाडी असो, ते पुढे बसणार. तिथून रस्ता सांगणार, पायाखाली नसलेला ब्रेक दाबणार आणि अधूनमधून मान न वळवता मागे उपदेश फेकणार, "मनाचे खेळ आहेत सगळे. समोर बघावं माणसानं, काही होत नाही."

आईचं माहेर दापोलीच्या पुढे, समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आहे. आगगाडीनं गेलं तरी खेडला उतरून शेवटचा घाट मोटारीनंच काढावा लागतो. मागच्या खेपेला त्या घाटात तिला इतकं झालं की वाटेत सलाइन लावावं लागलं. त्यानंतर तिनं माहेरचा रस्ता सोडला. तिकडे तिची मोठी बहीण असते. वयात बरंच अंतर, त्यामुळे मावशीनंच आईला कडेवर घेऊन वाढवलेलं. दर रविवारी दोघी फोनवर बोलायच्या. मग मावशीला ऐकू येईनासं झालं. कानात घालायचं यंत्र आणून दिलं, तर "कानात माशी शिरल्यासारखं होतं" म्हणून तिनं ते देव्हाऱ्यातल्या डबीत ठेवून दिलं. व्हिडिओवर दोघी एकमेकींच्या कपाळाचा तुकडा बघायच्या आणि ओरडायच्या. पुढे पुढे मावशी फोनवर यायचीच बंद झाली. सून सांगायची, "बरी आहे म्हणतायत."

एका रविवारी आईनं फोन खाली ठेवला आणि म्हणाली, "ताईला बघायचं तर आता जाऊनच बघायला हवं. आणि मला काही जाता यायचं नाही." एवढं बोलून ती परत गवार मोडायला लागली. रडली असती तर मी समजूत तरी घातली असती. तिनं ते बाजारभाव सांगावा तसं सांगितलं.

माझी छोटी गाडी म्हातारी झाली होती, बदलायची होतीच. पण आता मी ती आईच्या पोटाला विचारून बदलायचं ठरवलं. मला एखादी गोष्ट कळली नाही की चैन पडत नाही, हा माझा स्वभाव आहे, आणि ऑफिसात त्याचा सगळ्यांना त्रास होतो. उलटी नक्की कशानं होते? वास, धक्के, की रोखलेला श्वास? वाचत गेले, विचारत गेले. गिअरचे हिसके आणि थांबत-निघत जाणं बाधतं, असं एकानं सांगितलं. उंच गाडी वळणावर झुलते, ते बाधतं, असं दुसऱ्यानं. म्हणजे बसकी सेडान हवी, हिसके नकोत, धूर नको. इलेक्ट्रिकच घेतली असती, पण आमच्या सोसायटीत चार्जिंगचा विषय दर मीटिंगला पुढच्या मीटिंगवर जातो, आणि मावशीच्या गावात तर वीजच पाहुणी असते. राहिली हायब्रिड. पेट्रोल आहे आणि बॅटरीही आहे, दोघं आलटून पालटून गाडी ओढतात, चार्जिंगला लावायची भानगड नाही.

"आवाजच नाही, तर चालू झाली हे कळणार कसं?" बाबांनी विचारलं. मग लगेच, "ॲव्हरेज किती देते?"

आईनं एकच विचारलं. "वास येतो?"

नवीच घेऊ, असं मी आधी ठरवलं होतं. लोअर परळच्या शोरूममध्ये पोचलो तर काचेच्या दारातून आत शिरताच आईनं पदर नाकाला लावला. गाडी झकास होती. पांढरी, लांब, आत शिरलं की बाहेरचा गोंगाट पुसून जाणारी. पण नव्या गाडीला एक वास असतो. लोक त्यावर जीव टाकतात, मीही टाकते. रबर, गोंद, नवं प्लास्टिक, सगळं बंद डब्यात तापवल्यासारखं. टेस्ट ड्राइव्हला निघालो, बाबा पुढे, आई आणि शोरूमचा माणूस मागे. पहिल्या सिग्नलला तिनं लिंबू काढलं. दुसऱ्याला माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी गाडी बाजूला घेतली.

"हा वास किती दिवसांत जातो?" मी त्या माणसाला विचारलं.

"मॅडम, वर्षभर टिकतो," तो अभिमानानं म्हणाला.

म्हणजे जुनी बघायला हवी, जिचा नवेपणा दुसऱ्या कुणीतरी हुंगून संपवलाय. आणि इथून माझ्या डोक्यात एक नवंच खूळ शिरलं. जुन्या गाडीला माणसांचा वास लागतो. दार उघडलं की आत कोण राहून गेलं ते कळतं. एकीत ओल्या छत्र्या होत्या. एकीत कुत्रा होता, तोही म्हातारा. एकीत पुढच्या आरशाला इतकी वर्षं गजरे टांगले होते की सुकलेल्या मोगऱ्यानं डोकं धरलं. मला मजा यायला लागली. बाबा गाडीचा सर्व्हिसचा इतिहास विचारायचे आणि मी घरचा इतिहास हुंगायचे.

रे रोडला लाकडाच्या वखारींच्या मागे एका शेडमध्ये जुन्या गाड्यांचा व्यापारी होता. त्याच्याकडे आम्हाला हवी तशी हायब्रिड होती, करड्या रंगाची. आत शिरलो तर गुलाबाच्या अत्तराचा नुसता मारा. आई दारातच थांबली. नाक वर केलं, बाजूला झाली, डिकीकडे गेली आणि म्हणाली, "ह्यातून सुकट नेलीय."

"नाही हो आंटी, साहब लोगों की गाडी है," व्यापारी म्हणाला.

"साहेब सुकट खात नाहीत होय?" आई म्हणाली. "सुकटीचं काही नाही रे बाबा, तो वास मला माहेरचा आहे. पण तू वरून हे गुलाब ओतलंस, ते काय बरं नाही केलंस."

परतताना मला हसू आवरेना. घराजवळ आल्यावर आई म्हणाली, "किती फिरवशील गो बाय मला? राहू दे. ताईला म्हणावं, ह्या जन्मी नाही." मला तिचा राग आला. त्याहून जास्त, एका घाटाचा राग आला, जो काही माझं ऐकणार नव्हता.

म्हणून पुढची, फणसवाडीतली गाडी मी आधी एकटीच बघून आले. मालक एक निवृत्त गृहस्थ होते. ते मुलीकडे पुण्याला कायमचे चालले होते, म्हणून विकत होते. चार वर्षं वापरलेली निळी हायब्रिड सेडान. मी मागचं दार उघडलं, वाकले, श्वास घेतला. काहीच नाही. पुन्हा घेतला. खरंच काही नाही, फार तर उन्हात वाळलेल्या चादरीसारखं काहीतरी.

"रोज सकाळी चारी काचा उघडून ठेवतो," ते म्हणाले. "माणसाप्रमाणे गाडीलाही हवा लागते." सीटवरची प्लास्टिकची कव्हरं त्यांनी पहिल्याच दिवशी फाडून टाकली होती. हे ऐकून बाबांना पुढे फार वाईट वाटलं.

दुसऱ्या खेपेला आम्ही तिघंही गेलो. गृहस्थांनी आधी कैरीचं पन्हं दिलं. मग मी चालवायला, बाबा पुढे, मागे आई आणि मालक. आईनं पेपर पसरला, पदर ओढला, डोळे मिटले. गाडी आवाज न करता निघाली. काळबादेवीच्या गर्दीत आम्ही मुंगीच्या पावलानं सरकत होतो. ऊन मी म्हणत होतं. आई गप्प, म्हणजे ठीक आहे असं मी धरून चालले होते. हिसके नव्हते, धूर नव्हता. आपण जिंकलो, असं मला वाटायला लागलं.

मग मागून कुठूनतरी पंखा जोरात फिरल्यासारखा आवाज यायला लागला. वाढत वाढत गेला. आणि समोरच्या पडद्यावर पिवळी खूण उमटली, बॅटरी तापलीय, हवेची वाट तपासा.

"असं कधीच झालेलं नाही," गृहस्थ मागून म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पडलेला मला आरशात दिसला. बाबांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू त्यांना हे आधीच माहीत होतं.

मी गाडी सावलीत उभी केली. गृहस्थांनी मागचं दार उघडलं, वाकले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, हे काय?"

मागच्या सीटच्या कडेला, आईच्या पायाशी, एक छोटी जाळी होती. त्या जाळीत पेपरची घडी गच्च कोंबलेली होती आणि त्यावर आईचा रुमाल चिकटून बसला होता.

"तिथून घूं घूं येत होतं," आई म्हणाली. "मला वाटलं, वास तिथूनच येणार. म्हणून आधीच बंद केलं."

गृहस्थ हसले नाहीत, हे मला फार आवडलं. मागच्या सीटखाली बॅटरी असते, ती तापू नये म्हणून त्या जाळीतून आतली हवा ओढून घेते, असं त्यांनी समजावून सांगितलं. ती हवा सोडत नाही, घेते. तिथं काही ठेवायचं नाही, पेपर नाही, शाल नाही, पिशवी नाही. आईनं रुमाल जाळीसमोर धरला. तो आपसूक आत ओढला गेला. तिनं तो काढला आणि पुन्हा धरला. "अगो, श्वास घेते ही," ती म्हणाली. एखादी वस्तू इतक्या कौतुकानं बघताना मी तिला पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं.

पण सवय ती सवय. घाटात डोळे मिटून बसली की ती पुन्हा तिथंच काहीतरी कोंबणार, हे आम्हा सगळ्यांनाच दिसत होतं. पंखा थंडावेपर्यंत आम्ही उभे राहिलो, आणि मग गृहस्थ अगदी सहज म्हणाले, "वहिनींना पुढे बसवा की."

आमच्याकडे बाईमाणूस पुढे बसत नाही. असा काही नियम नाही, कुणी तो कधी सांगितला नाही. आजी म्हणायची, ड्रायव्हरच्या शेजारी बाईनं कशाला बसावं, आणि पुढे ड्रायव्हर मी झाले तरी ते तसंच चालू राहिलं. पुढची सीट बाबांची, जशी घरातली पंख्याखालची खुर्ची बाबांची.

"पुढे? तिला?" बाबा म्हणाले. "तिला अजून होईल." पण परक्या माणसापुढे वाद घालणं त्यांच्या हेडक्लार्कपणात बसत नव्हतं. ते उतरले आणि मागे गेले. आई पुढे बसली. पेपर पसरायला विसरली.

घाटाची परीक्षा म्हणून मी गाडी चौपाटीवरून वाळकेश्वरच्या चढाला घातली. आईनं डोळे मिटले नाहीत. मधल्या पडद्यावर एक चित्र होतं, चाकं, इंजिन, बॅटरी, आणि त्यांच्यामधून पळणारे बाण. "हे काय?" तिनं विचारलं. मी सांगितलं, आता बॅटरीवर चाललोय, आता पेट्रोल आलं मदतीला. मग तीच सांगायला लागली. "आता पेट्रोल. आता दोघं. आता परत बॅटरी." वळण आलं, ती त्या बाजूला कलली, सरळ झाली. उतार लागला आणि बाण उलटे फिरले, चाकांकडून बॅटरीकडे.

"हे उलटं का?"

"उतारावर जे वाया जातं, ते ती परत भरून घेते."

आईनं थोडा विचार केला. "म्हणजे रात्रीच्या उरलेल्याचा फोडणीचा भात," ती म्हणाली.

गृहस्थ मागून खो खो हसले. बाबा हसले नाहीत. मी आरशात पाहिलं, तर त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ओठ आवळलेले होते.

"जरा थांबव," ते म्हणाले.

चौपाटीशी मी गाडी थांबवली. बाबा उतरले आणि कठड्याला धरून वाकून उभे राहिले. आई पिशवी घेऊन त्यांच्यामागे गेली. लिंबू दिलं, आलेपाक दिला, पाठीवरून हात फिरवला. "मनाचे खेळ असतात," असं ती म्हणाली नाही. मी म्हणणार होते, पण तिनं माझ्याकडे बघून मान हलवली. डोक्यात मात्र काहीतरी भणभणायला लागलं. इतकी वर्षं ते तिला समोर बघ म्हणून सांगत होते. तिच्या समोर त्यांची मान होती.

गाडी आम्ही तीच घेतली. बाबांनी ॲव्हरेजबद्दल पुन्हा विचारलं नाही.

मे संपता संपता निघालो. बिल्डिंगखाली मी डिकीत सामान लावत होते. पुढे येऊन बघते तर बाबा मागच्या सीटवर जाळीपासून लांब सरकून बसलेले. खाली पेपर पसरलेला, नीट चारी कोपरे जुळवून. "बघतेस काय?" ते माझ्यावर खेकसले. "उशीर होईल."

आई पुढे. पनवेल गेलं, वडखळ गेलं, ती प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत होती. खाडीवरच्या त्या लांबलचक पुलावर आलो तेव्हा ती एकदम ताठ बसली. दोन्ही बाजूंना पाणी, होड्या, पलीकडे हिरवे डोंगर.

"ही खाडी कधी झाली?" तिनं विचारलं.

मला आधी वाटलं, ती चेष्टा करतेय. लग्न झाल्यापासून ती ह्याच रस्त्यानं माहेरी जात होती.

"आई, ही होतीच."

"होती?" ती म्हणाली. मग काचेला नाक लावून, पूल संपेपर्यंत मागे वळून वळून बघत राहिली. मला रडायलाच आलं, आणि रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी पुढच्या ट्रकला उगाच हॉर्न दिला. मागून बाबा डोळे मिटून म्हणाले, "सावकाश." घाटात दोनदा थांबावं लागलं. दोन्ही वेळा त्यांच्यासाठी.

मावशीच्या अंगणात गाडी शिरली तेव्हा बॅटरीवर चालत होती, कोंबड्यासुद्धा हलल्या नाहीत. पण मावशी उभी होती. तिला गाडी ऐकू आली नव्हती, ती सकाळपासूनच उभी होती, असं सुनेनं नंतर सांगितलं. हातात पाण्याचा तांब्या. आई माहेरी आली की मावशी तो तांब्या घेऊन पायरीवर उभी राहायची, धाकट्या बहिणीला चूळ भरायला, तोंडावर मारायला. इतक्या वर्षांनी आई येतेय म्हटल्यावर तिनं तो तसाच भरून आणला होता. ती मागच्या दाराकडे निघाली. मागच्या दारातून बाबा उतरले.

मावशी बघतच राहिली. आई पुढून उतरली, तिच्याजवळ गेली, तिच्या हातातला तांब्या घेतला आणि बाबांना दिला. बाबांनी तो मुकाट्यानं घेतला आणि माडाच्या बुंध्याशी जाऊन चूळ भरली. मग आईनं बहिणीचे दोन्ही गाल हातात धरले. बोलून उपयोग नव्हता.

"पुढे बसून आलीस?" मावशी मोठ्यानं म्हणाली. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी.

आईनं मान डोलावली. हातांनी खाडी दाखवली, होड्या दाखवल्या, घाटाची वळणं दाखवली. मावशीनं सगळं बघून घेतलं, मग गाडीकडे गेली, पुढचं दार उघडलं आणि लुगडं सावरून आत बसली. डॅशबोर्डवर हात फिरवला. "मला ने गो बाय समुद्रापर्यंत," ती मला म्हणाली. "मी पण कधी पुढे बसले नाय."

मी आईकडे पाहिलं. समुद्राकडचा रस्ता म्हणजे नुसती वळणं. आईनं मागचं दार उघडलं आणि बहिणीच्या मागे जाऊन बसली. सगळ्या वाटेत मावशी पोफळी दाखवत होती, शाळा दाखवत होती, कुणाचं घर पडलं ते सांगत होती. आरशात मला आईचा फक्त पदर दिसत होता. समुद्राशी उतरलो तेव्हा तिचा चेहरा जरा पांढरा होता. मी विचारलं तर म्हणाली, "ऊन आहे." तिला गाडी लागली होती की नाही, हे मी अजूनही तिच्याकडून काढून घेऊ शकलेले नाही.